ट्रॅकसाठी पॅड, सोमवारसाठी गाडी

गुरुवार, संध्याकाळ

दमलोय. ऑफिसातून थेट गॅरेजला गेलो होतो. रविवारी पहिल्यांदाच रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायची आहे आणि ब्रेक पॅड काही ठरत नव्हते.

मेकॅनिक सलीमभाई म्हणाले, "सर, ट्रॅकचेच टाका की. तापले की लई धरतात."

"आणि थंड असताना?"

"थंड असले की जरा कमीच. सुरुवातीला दोन-चारदा दाबून घ्यायचं."

तिथंच अडकलो. सोमवारी गॅरेज उघडून पॅड परत बदलायच्या आधीच माझी बायको वैशाली हीच गाडी घेऊन बार्शीला कॉलेजात शिकवायला जाते. तिचा पहिला ब्रेक आमच्या कॉलनीच्या वळणावर लागतो, जिथं शाळेच्या बससाठी मुलं उभी असतात. तो पहिला, थंड ब्रेक. शेवटी रस्त्यावरचेच चांगले, नवे पॅड घेतले. ब्रेक ऑइल मात्र जास्त उष्णता सोसणारं, सीलबंद डब्यातलं भरायला सांगितलं. जुन्यात ओलावा शिरलेला असतो; ते उकळलं की पेडल मऊ पडून खाली जातं, ब्रेक लागत नाही.

घरी तिला म्हणालो, "तुझ्यासाठी साधे पॅड घेतले."

वैशाली हसली. "माझ्या नावावर नका खपवू. जोरात जायची भीती वाटते म्हणा की."

असेलही. थोडी. पण साधे पॅड लवकर तापून धरेनासे होणार, मधेच ट्रॅकबाहेर येऊन गाडी थंड करावी लागणार. पेडल मऊ लागलं आणि बाकीचे अजून धावत असले, तर मी खरंच बाहेर येईन?

पॅड ठरले. हे नाही ठरलं.