टोपीच्या आतलं नाव

काराकोल, ७ फेब्रुवारी २००३

ती. दादांच्या सेवेशी,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती नोंदवल्यावाचून दुसरी कोणतीही बातमी लिहायला माझी लेखणी तयार नाही. तुम्ही तुमची सून आमच्याकडे पाठवलीत. ती सगळ्यांच्या आधी उठते, अंगणातला बर्फ लोटते, गाईचं दूध काढते आणि माझे डोळे उघडायच्या आत चहाचा समोवार उकळून तयार असतो. परिणामी तुमच्या भावजयीला सकाळी काहीही काम उरलेलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच लाभलेला हा अवकाश गुलाइम माझ्या दोषांच्या सूक्ष्म अध्ययनात घालवते. काल चहा घेताना मला कळलं, की मी नुसता श्वास घेतानाही आवाज करतो. असं सुख दुसऱ्याच्या घरी पाठवण्याआधी थोडा विचार करायचा होतात.

असो. बुरुल खुशाल आहे. ती ज्यासाठी आली तो लहान धंदेवाल्यांसाठीचा व्यवस्थापनाचा वर्ग सोमवारी सुरू झाला. जागा आमच्याच शाळेची, त्यामुळे मास्तर या नात्याने मला मागे बसून ऐकायची मुभा आहे. शिकवणारी एल्विरा बिश्केकहून आलेली, तिशीच्या आतली, हुशार आणि अत्यंत उत्साही. इथे सगळे समान, असं सांगून तिने पहिल्याच दिवशी खुर्च्या गोल मांडल्या. आता गोलात मानाची जागा कोणती? दारापासून सगळ्यात लांबची म्हणावी, तर तिथे शेगडी. मध विकणारे मुकाशबाबा वयाने सगळ्यांत मोठे. त्यांना जागा ठरवता येईना, ते उभे राहिले म्हणून बाकीचे तेराजण उभे. बाई म्हणे बाबा, कुठेही बसा. बाबा म्हणत, अगं पोरी, कुठेही कसं बसू, मी काय शेळी आहे? पाऊण तास समानता उभ्यानेच साजरी झाली.

खरी अडचण पुढे आली. सहा आठवड्यांनी परीक्षकांसमोर प्रत्येकाने आपला धंदा मांडायचा आहे. ज्याची मांडणी सरस ठरेल त्याला धंद्याला लागणारं यंत्र मिळणार, म्हणजे आपल्या बाबतीत ओली लोकर दाबून नमदा करणारं. तुमच्या सांध्यांनी थंड पाण्याशी वैर धरल्यापासून टोप्यांचा कारखाना बुरुलच ओढते आहे. नवरा मक्सात रशियात बांधकामावर, तिच्या जोडीला कोणी नाही. यंत्र मिळालं तर कारखाना राहील, नाहीतर कुलूप, हे तुमचेच शब्द.

आणि मांडणीचं पहिलं वाक्य म्हणजे धंद्याचं नाव. आपल्या कारखान्याचं नाव ‘तेमिरकान’, म्हणजे साक्षात तुम्ही. सून सासऱ्याचं नाव घेणार कशी? बुरुल गप्प उभी. ही चाल तिच्या आजीबरोबरच संपली अशी एल्विराची समजूत, म्हणून तिला वाटलं मुलगी बुजरी आहे. उपाय काय, तर नाव तीनदा मोठ्याने ओरडायचं! बुरुल कानापर्यंत लाल झाली. शेवटी मुकाशबाबांनीच तिच्या वतीने तीनदा अशी गर्जना केली, की मुख्याध्यापक धावत आले. एल्विराने वहीत लिहिलं, आत्मविश्वास कमी. बाबांचा नव्हे, बुरुलचा.

काय करावं ते कळवा. लोभ आहेच; त्यात वाढ शक्य नसेल तर निदान कपात नसावी.

आपला धाकटा,
सापारबेक


कोचकोर, १५ फेब्रुवारी

चि. सापारबेकास,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणीही आवाज करत होतास. गुलाइमला म्हणावं, अध्ययन चालू ठेव.

नावाचं काय घेऊन बसलात? नाव माझं आहे, मीच परवानगी देतो. खुशाल घे म्हणावं, मला काही ताप यायचा नाही. आपल्या आईने सासऱ्याचं नाव जन्मात घेतलं नाही. गावात त्याच नावाचा एक गाढवं विकणारा होता, त्यालाही ती ‘तो दुसरा’ म्हणायची. म्हणून काय गाढवं विकायची राहिली?

यंत्र मिळालं तर नूरूझच्या, नव्या वर्षाच्या सणाला कारखान्याच्या किल्ल्या बुरुलच्या हातात देईन आणि बाजूला होईन. लोकरवाल्यांनी तिच्याशीच बोलायचं. ते सगळे अजून माझ्याकडे तोंड करून तिला उत्तरं देतात, ते मला आवडत नाही. यंत्राची फार आशा धरू नका. धरलीत तर मला कळवू नका.

इथे थंडी आहे. हात ठीक आहेत. बुरुलला विचारू नकोस, ती नाही म्हणेल.

सर्वांना आशीर्वाद.
तेमिरकान


काराकोल, २६ फेब्रुवारी

ती. मामंजींस,
बुरुलचा शि. सा. न. वि. वि.

काकांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. तुम्ही परवानगी दिलीत, म्हणून मी गोठ्यात जाऊन गाईसमोर प्रयत्न केला. अर्धं नाव बाहेर आलं आणि तुम्ही दारातून आत आल्यासारखी मी रुमाल सावरून उभी राहिले. गाईने माझ्याकडे पाहिलं. पुढचं अर्धं काही आलं नाही.

मामंजी, ही भीती नव्हे. एकोणिसाव्या वर्षी मी तुमच्या घरात आले. टोपीचे चार तुकडे कसे कापायचे ते तुम्ही मला शिकवलंत आणि मी पहिली सोळा कापडं वाया घालवली तेव्हा म्हणालात, की सतरावं बघू. नऊ वर्षं प्रत्येक टोपीच्या आत तुमचं नाव मीच टाक्यांनी घालते आहे. हाताला ते पाठ आहे, तोंडाला नाही. एल्विराताई म्हणाल्या, मग नावच बदल, काहीतरी सोपं, परदेशी वाटणारं ठेव. मी नाही म्हटलं. शिकवणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं, आत्मविश्वासात सुधारणा.

या आठवड्यात कबूल केला तसाच माल कसा घ्यावा ते शिकलो. मी पोस्टातून लोकरवाल्यांना फोन केला आणि वजन वाढवायला भिजवून दिलेली ओली लोकर परत न्या म्हणाले. ते म्हणाले, फोन सासऱ्यांना दे. मी म्हटलं, तुमच्याशी मीच बोलणार. नेली का ते कळवा.

गरम पाण्यात हात धरत जा. ठीक नाहीत, मला माहीत आहे.

आपली,
बुरुल


काराकोल, १८ मार्च

ती. दादांच्या सेवेशी,
कृ. सा. न. वि. वि.

लोकर नेली आणि सुकी आणून दिली, हे तुमच्या दोन ओळींच्या पत्रातून कळलं. ते वाचून बुरुलने घरातलं सगळं पीठ मळलं. आम्ही तीन दिवस तळलेले बोर्सोक खात आहोत.

काल मांडणी झाली. तुम्ही आशा कळवू नका म्हणाला होतात, म्हणून मी आशा कळवत नाही, घडलेलं कळवतो. शाळेचं सभागृह गच्च भरलेलं, निम्मा बाजार दुकानं बंद करून आलेला. समोर तीन परीक्षक. बुरुलचा क्रमांक नववा. ती उभी राहिली. मधल्या परीक्षकांनी विचारलं, धंद्याचं नाव? आणि ती गप्प. एल्विरा पेन्सिल चावू लागली. माझ्या शेजारी गुलाइमने माझा दंड असा आवळला, की अजून निळा आहे. आयुष्यभर मी मुलांना वाक्याचा कर्ता शिकवला आणि इथे आमच्या घरचा कर्ताच ओठांवर येईना.

मग बुरुल स्वच्छ आवाजात म्हणाली, की सभागृहात ज्यांच्या डोक्यावर आमची टोपी असेल त्यांनी ती कृपा करून काढावी आणि आत काय लिहिलंय ते वाचावं.

मग मुकाशबाबांनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली, खिशात चष्मा शोधला, सापडेना, शेजाऱ्याचा घेतला आणि वाचलं. तेमिरकान! मागून कोणीतरी वाचलं. मग खिडकीजवळचा खाटीक, मग दारातला मिनिबसवाला. एकाच्या टोपीतले निम्मे टाके घामाने गेलेले, त्याने नुसतं तेमिर एवढंच वाचलं आणि उरलेलं सगळ्यांनी मिळून पुरं केलं. दुसऱ्या कारखान्याची टोपी घालून आलेला एकजण ती पाठीमागे लपवू लागला, तर बायकोने सगळ्यांदेखत त्याला ढोसलं. दादा, मी मोजत होतो, चौतीस टोप्या! चौतीस माणसं तुमचं नाव घेत होती आणि ते न घेणारी एकटी बुरुल त्यांच्यासमोर हसत उभी होती.

मग ती म्हणाली, की हा माझा धंदा, माझा माल तुमच्या हातात आहे आणि मी बुरुल. पुढची चार मिनिटं ती कुठेही अडली नाही. शेवटी परीक्षकांनीच आपल्यासाठी टोपी मागितली, उद्या परत जायचंय म्हणाले. ती म्हणाली, डोक्याचं माप द्या, बारा दिवस लागतील, त्याआधी नाही. एल्विराने वही मिटली आणि डोळे पुसले. यंत्र आपल्याला मिळालं आहे. मुकाशबाबांनी पहिला डबा मधाचा तिलाच दिला आणि व्यवस्थापन आपल्याला आधीपासून येत होतं असं जाहीर केलं.

बुरुल गुरुवारच्या गाडीने निघते आहे. तिच्यामागून आमच्या घरातलं शास्त्राध्ययन बंद पडेल अशी आशा आहे. लोभाचं काय लिहू? काल चौतीस जणांनी तो तुमच्या नावावर जमा केला आहे, त्यात माझाही धरावा.

आपला धाकटा,
सापारबेक

ता. क. आता साधं लिहितो. नूरूझला तुम्ही किल्ल्या द्याल, शब्द फिरवणार नाही. कारखान्याची मला काळजी नाही, बुरुल तो चालवेल. पण वडील गेले तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होतात आणि तेव्हापासून एकही सकाळ तुम्ही कामाशिवाय काढलेली मी पाहिलेली नाही. किल्ल्या दिल्यावर दुसऱ्या दिवशी उठून तुम्ही काय कराल, हे मला सुचत नाही. मला त्याची भीती वाटते, दादा.