वास न घेता दिलेली बाटली

प्रिय सुलभा,

उद्या सकाळी दुकान उघडायचं आहे आणि मला भीती वाटते. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? लेकीला सांगितलं तर ती म्हणेल, "बाबा, बंद करा ते आणि पुण्याला या." शेजाऱ्यांना सांगितलं तर सगळ्या वालावल गावात होईल. म्हणून साठी उलटलेल्या सुताराने आयुष्यातलं पहिलं पत्र लिहायला घेतलंय, तेही बायको गेल्यावर! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

आठ दिवस झाले, पडवीतल्या तुझ्या दुकानाचं पुढचं दार मी उघडलेलं नाही. विचारणाऱ्याला "अंगात कणकण आहे" म्हणून सांगतो. खरं काय झालं ते आज तुला सांगतो. रागाव हवी तेवढी, पण शेवटपर्यंत ऐक.

गेल्या रविवारी सकाळी वेंगुर्ल्याच्या फिलोमिना टीचर आल्या. तुझं जुनं गिऱ्हाईक. दुपारी त्यांच्या घरी लदीन होतं, प्रार्थना झाली की साठ माणसांचं जेवण. सोलकढीसाठी कोकमाचं आगळ हवं होतं, चार बाटल्या. "सुलभाच्या हातचा शेवटचा आगळ मां ह्या?" असं त्यांनी विचारलं. मी फळीच्या टोकाच्या चार बाटल्या उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि दिल्या. डोळे भरले होते. बाटल्यांकडे मी बघितलंच नाही.

साडेअकराला मी नव्या चौकटीला तेल लावायला बसलो. माझं ते नेहमीचं तेल, काजूच्या टरफलाचं, रॉकेल घालून पातळ केलेलं, वाळवी लागू नये म्हणून. फळीच्या टोकाची बाटली घेतली, करवंटीत ओतली. लालभडक आगळ पडलं.

सुलभा! माझ्या तेलाची बाटली टीचरांच्या पिशवीत गेली होती.

तू किती वेळा सांगितलं होतंस! "आयकलात काय? तुमचा ता त्याल माज्या फळयेर ठेव नकात. एक दिवस कोणाचो तरी जीव जायत." आणि मी काय म्हणायचो? "तुझं नाक कधी चुकलंय का?" तुझ्याच रिकाम्या बाटल्यांत तेल भरायचो, तुझ्याच फळीच्या टोकाला ठेवायचो. दोन्ही काळपट, दोन्हींना तसंच बूच. तू प्रत्येक बाटली देण्याआधी बूच काढून हुंगायचीस. मी तुला चिडवायचो, पोलिसांचं कुत्रं म्हणायचो. चिठ्ठी लावायला सांगितलं की तू म्हणायचीस, "चिठी कित्याक? नाक आसा मां माका!" तू बाटलीवर नाव लिहिलं नाहीस आणि मी तेल हलवलं नाही. दोघेही हट्टी. फक्त तुझ्या हट्टामागे नाक होतं.

आणि मला नाकच नाही. हे तुला ठाऊक नव्हतं.

त्या मोठ्या आजारात मला ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण वास गेला तो परत आलाच नाही. मी तुला सांगितलं नाही. तू बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार करायचीस आणि पातेल्यावरचं झाकण काढून विचारायचीस, "कसो वास येता?" मी म्हणायचो, "मस्त!" इतकी वर्षं! तुला वाईट वाटेल म्हणून पहिल्यांदा खोटं बोललो, मग सांगायला लाज वाटायला लागली. खरं सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी ते तेल गोठ्यात फेकलं असतंस की नाही? बाटल्यांना चिठ्ठ्याही लावल्या असत्यास. नवरा नकटा झालाय म्हटल्यावर काय करशील!

टीचरांना फोन करायला गेलो तर नंबर माझ्याकडे कुठे होता? सगळी गिऱ्हाइकं तुझ्या मोबाईलमध्ये. तू गेलीस त्यानंतर तो वाजला की मला सहन व्हायचं नाही, म्हणून बंद करून कपाटात तुझ्या निळ्या साडीखाली ठेवला होता. काढला, वायर लावली. तो उघडायला चार आकडे मागायला लागला. लेकीचा वाढदिवस घातला. नाही. आपल्या लग्नाची तारीख घातली, आणि काय सांगू, पहिल्यांदा चुकीची घातली! बरोबर घातली तरी उघडला नाही. घड्याळात पावणेबारा झाले होते.

मग स्कूटर काढली. वेंगुर्ल्यापर्यंत मी कोणकोणत्या देवांना हाक मारली ते विचारू नकोस. लक्ष्मीनारायणाला सांगितलं, टीचरांच्या चर्चमधल्या सायबिणीलाही सांगितलं. ते तेल हाताला लागलं तर कातडी सोलवटते, बोटांवर अजून माझे जुने डाग आहेत. पोटात गेलं तर? साठ माणसं, त्यात म्हातारी, पोरंबाळं. आणि लोक काय म्हणतील? सुलभाच्या आगळाने माणसं आजारी पडली. तुझ्या आगळाने! तू वीस वर्षं उन्हात बसून कोकमं फोडलीस, मीठ लावलंस, पायाला भेगा पडल्या, आणि मी सहा महिन्यांत तुझं नाव धुळीला मिळवणार होतो.

चर्चजवळ घर विचारलं. अंगणात मांडव होता, पंगत बसली होती. एक म्हातारे गृहस्थ गुलाबी सोलकढीचा पेला तोंडाला लावत होते.

"पिवा नकात!" मी ओरडलो. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडलो नसेन. सगळी पंगत थिजली. म्हाताऱ्यांनी पेला खाली ठेवला. कोणीतरी म्हणालं, "कोण हो? सोरो पिवन इलो काय?" मी नुसता पेल्याकडे बोट दाखवत उभा.

टीचर आतून आल्या. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं असावं. माझा हात धरून त्यांनी मला मागीलदारी नेलं. तिथे धुण्याच्या दगडावर एक बाटली एकटीच ठेवली होती, बूच घट्ट लावलेलं, कोणी हात लावू नये म्हणून वर उलटी टोपली.

"ही तुमची मां?" त्या म्हणाल्या. "कढयेत तीनच बाटले घातलंय. ह्येचा बूच काढल्यार रॉकेलाचो वास इलो."

मी खालीच बसलो. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"सुलभान शिकवलेल्यान माका," त्या म्हणाल्या. "तुमच्याच रांदणीर, चुलीकडे. म्हणाली, टीचर, बाटली माजी असली तरी वोतूच्या आदी वास घे. माज्यार पण इस्वास ठेव नको."

मी रडलो, सुलभा. साठ माणसांच्या घरात, मागीलदारी, लहान मुलासारखा. त्यांनी मला जेवायला बसवलं. तुझी सोलकढी प्यायलो. तिला वास कसा होता ते मला ठाऊक नाही.

तेव्हापासून दार उघडायला हात धजत नाही. किल्ली घेतो, परत खुंटीला लावतो. तू वाचवलंस, पण तू प्रत्येक गिऱ्हाइकाला चुलीकडे नेऊन कुठे शिकवलं होतंस? पुढच्या वेळी बाटली अशा घरी गेली, जिथे तू कोणाला शिकवलं नाहीस, तर?

बंद करावं असंही मनात आलं. पण तू भरलेल्या एकतीस बाटल्या अजून फळीवर आहेत. त्या मी काय करू? टाकून देऊ?

म्हणून या आठ दिवसांत घरातल्या आतल्या दाराने दुकानात जाऊन थोडं थोडं केलंय. तेल गोठ्यात नेलं, पत्र्याच्या डब्यात, कुलपात. रिकाम्या बाटल्यांना आता मी हात लावत नाही. टीचरांना सगळ्या एकतीस बाटल्या हुंगायला बोलावलं. त्यांनी एकेक हुंगली आणि मी तिथल्या तिथे तिला चिठ्ठी डकवली. अक्षर सुताराचं आहे, पण वाचता येतं. गिऱ्हाइकांचे नंबर एका वहीत लिहायला लागलोय, पहिला टीचरांचा. आणि डोळे भरले असले की गिऱ्हाइकाला थांबायला सांगायचं, आधी डोळे पुसायचे, मग बाटलीला हात लावायचा. हे सगळ्यात कठीण जाणार आहे.

भीती मात्र गेलेली नाही. कदाचित ती असलेलीच बरी.

उद्या सकाळी मी दार उघडणार. वचन देतो. जो कोणी पहिला येईल त्याच्यासमोर बाटलीचं बूच काढणार आणि तुला जे कधी सांगितलं नाही ते त्याला सांगणार: "माका वास येणा नाय. तुमी घेवन बघा."

तुझा,
ज्याला तू जन्मभर "आयकलात काय?" म्हणत राहिलीस, तो