चौदा कार्डांची मागची बाजू

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचलो, खणांवरची धूळ पुसली आणि ‘सेट’चा खण ओढताना तो अख्खाच हातात आला. दीडशे कार्डं फरशीवर. एका अर्थाला एक कार्ड ही आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाची रीत, ती तुला अण्णा इथे कामाला होते तेव्हापासून ठाऊक आहे. आपण गावच्या शाळेत सेट म्हणजे मांडणे एवढंच शिकलो. इथे पाहतो तर सूर्य मावळला तरी सेट आणि सिमेंट घट्ट झालं तरी सेट. अंगठीत खडा बसवा, सापळा लावा, घड्याळ लावा, शब्द तोच. एवढं सगळं एका शब्दाच्या पोटात कसं मावतं, देव जाणे. उकिडवा बसून गोळा करत होतो आणि नवल करत होतो.

त्यातली चौदा कार्डं अण्णांच्या अक्षरातली. त्या काळी कागदाची टंचाई, म्हणून एका बाजूने वापरलेले कागद कापून कार्डं करत. त्यांतलं एक उलटं पडलं होतं. मागेही अण्णांचंच अक्षर: ‘चि. ताईस अनेक आशीर्वाद.’ वर तारीख, तुझ्या लग्नानंतरच्या वर्षाची. बाकीची तेराही मागून तशीच लिहिलेली, त्याच पत्राचे तुकडे. पुढचं वाचलं नाही. पत्र तुझं आहे. वडील असून त्या लग्नापायी ते मरेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत, आणि खणात हे! काय करू ते कळव. दाजींना नमस्कार. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
छोट्या

११ मार्च

चि. छोट्यास,
अ. आ.

पन्नाशीला आलास, तरी ताईला विचारल्याशिवाय तुझं पाऊल उचलत नाही. पत्र तीनदा वाचलं. तुझे दाजी म्हणाले, आजच्या आज मागवून घे. मी त्यांना गप्प केलं. इतकी वर्षं मी म्हणत आले की अण्णांनी माझ्यासाठी कागदाला पेन लावलं नाही. आता कळतंय की लावलं, आणि मग त्याचे तुकडे केले. रागाने केले असतील तर मला ते बघायचे नाहीत. आहेत तिथे राहू देत.

आणि हो, मोडलेलं हाड बसवणं म्हणजेही सेटच का रे? आमच्या डॉक्टरबाई परवा म्हणत होत्या. ते कार्ड कोणी लिहिलंय? सहज विचारते. जेवणाच्या वेळा सांभाळ, आणि या बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हाडाचं कार्ड अण्णांचंच. उदाहरण दिलंय: ‘भिंतीवरून उडी मारलेल्या मुलीचा डावा हात वैद्यांनी बसवला.’ तुझा उनाडपणा त्यांनी थेट शब्दकोशात घातला की!

आता रागाचं. पंधरा दिवस खण उघडतोय आणि बंद करतोय. आमच्याकडे कार्डं कापताना मागे काय लिहिलंय ते कोणी बघत नाही. कात्री सरळ जाते आणि अक्षरांची मुंडकी उडतात. इतरांची शंभरेक कार्डं उलटून पाहिली, सगळी तशीच. या चौदांवर मजकूर झाकून फक्त कडा पाहिल्या. एकही अक्षर कापलेलं नाही. प्रत्येक काप दोन ओळींमधून गेलाय. कुठे वेलांटी खाली आली असेल, तर तिला वळसा घालून. रागावलेला माणूस असं कापत नाही, ताई. पाठवायला धीर झाला नसेल आणि टाकायलाही झाला नसेल. आमच्याकडे कार्ड कधीच फेकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

संपादकबाईंना विचारलं. म्हणाल्या, हुबेहूब नक्कल जागेवर ठेवाल तरच मूळ कार्ड बाहेर जाईल. आज सकाळी देवापुढे हात जोडले आणि पुढच्या बाजूच्या चौदाही नकला उतरवल्या. बाईंनी एकेक ताडून सही केली.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस. तुझा शब्द मी आजवर मोडला नव्हता. दुपारी पोस्टात जाऊन चौदा कार्डं रजिस्टरने तुझ्या नावे पाठवली. मागची बाजू मी वाचलेली नाही.

तुझा,
छोट्या