चुकलं की ती बोलते

५ डिसेंबर

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही बरे आहोत. भावजींची कंबर कशी आहे? शेक घ्यायला लाव, ते आपणहून घ्यायचे नाहीत.

आमच्या तिसरीच्या वर्गात यंदा वाचनासाठी टॅबलेट आलेत. मुलं गोष्ट वाचतात, मग प्रश्न येतात: कोण रुसलं, का रुसलं. उत्तर बरोबर आलं की घंटा वाजते, चांदणी मिळते. चांदण्यांसाठी नुसती झुंबड! पुस्तक बघून जांभया देणारी पोरंसुद्धा "बाई, का रुसला ते कळलं!" म्हणून ओरडतात.

एकच मुलगी मागे. मुंगी म्हणतो आम्ही तिला. वाचायची घडाघडा, पण उत्तरं सगळी चूक. हेडमास्तर म्हणाले, "हिला काही समजत नाही, परत दुसरीत बसवा." मी तिच्याजवळ बसून तीच गोष्ट तोंडी विचारली, तर पोरीनं सगळं नीट सांगितलं.

"मग मुद्दाम चुकतेस का गं?"

"चुकलं की टॅबलेटमधली ती ताई बोलते ना, बाई. बरोबर आलं तर नुसती घंटा."

मुंगीला आई नाही.

मी तिचा इअरफोन कानाला लावला आणि मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. "राहू दे, घाई नाही. आपण परत वाचू."

ताई, तो आपल्या चिमणीचा आवाज आहे. त्या शेवटच्या आजारपणाआधी ती रेकॉर्डिंगला जायची, ते हेच काम. टॅबलेट आले त्या पहिल्याच दिवशी मी तो ओळखला होता. तुला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून फोनवर फोन करत राहिले.

मुंगीला मी दुसरीत जाऊ दिलं नाही. तिची समजूत काढली, आता ती बरोबर उत्तरं देते. पण शाळा सुटली की रिकाम्या वर्गात मी बसते आणि चुकते. परवा शिपाईमामा दारात उभे. "बाई, कुणाशी बोलताय?" मी तिला उत्तर देत होते, ताई. मोठ्यानं.

सुट्टीनंतर टॅबलेटमध्ये नवा आवाज येणार आहे. त्याआधी येशील? ऐकवू नकोस म्हणालीस, तर मी टॅबलेट कपाटात ठेवीन, नुसत्या बसू.

मुंगी रोज विचारते, "ती ताई कुठे राहते?" मी अजून काही बोललेले नाही. एकटीला जमत नाही गं.

तुझी धाकटी,
आणि अजूनही चिमणीची मावशी