खांबामागची जागा

मी, विन्त्से अंब्रुश यांची विधवा रेबेका, माहेरची त्सिको, वय ब्याऐंशी, राहणार शोमपताक, ओढ्याकाठचे शेवटचे घर, ही माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. मला कोणी फूस लावलेली नाही, दारू पाजलेली नाही की पुढ्यात बसून रडून दाखवलेले नाही. गावात असे बोलले जाईल, म्हणून आधीच लिहिते.

शहरातला नोटरी म्हणाला की सगळे माझ्या हस्ताक्षरात असेल तर साक्षीदार लागत नाहीत. त्याच्या शहरात लागत नसतील. आमच्याकडे साक्षीदारांशिवाय कोणी कोंबडीसुद्धा देत नाही, म्हणून शेवटी दोन सह्या घेणार आहे. मी माझ्या भाषेत, हंगेरियनमध्ये लिहिते. सरकार रुमानियाचे, त्याला हे रुमानियनमध्ये हवे असेल. ज्याला कोर्टात जायची हौस असेल त्याने भाषांतराचा खर्च करावा.

कलम १. मला चर्चमागच्या उतारावर अंब्रुशच्या शेजारी पुरावे. दर घरातून एका माणसाने कबर खोदायला यायचे, ही आमची रीत. आता दर घरात माणूस नाही. शेजारच्या गावातून बोलवावे लागतील. त्यांना पालिंका, आमची फळांची दारू, द्यावी, पण खोदून झाल्यावर. गेल्या हिवाळ्यात इल्का गेली तेव्हा आधी दिली आणि खड्डा वाकडा झाला.

कलम २. चांगल्या खोलीतल्या पलंगावर छतापर्यंत रचलेल्या उशा माझ्या आईने आणि मी भरलेल्या आहेत. त्यांच्यावर आजवर कोणी डोके टेकलेले नाही. आमच्याकडे त्या दाखवायच्या असतात. म्युझियमच्या बाई दोनदा येऊन गेल्या. "आजी, हा केवढा मोठा वारसा आहे," म्हणाल्या. मी म्हटले, "बाई, वारसा मेलेल्यांचा असतो. मी अजून जेवतेय." सगळ्या उशा माझे घरकाम बघणाऱ्या कलान्योश लीदियाच्या दोन मुलींना द्याव्यात. अट एकच, त्यांनी त्यावर झोपावे.

कलम ३. पोटमाळ्यावर अंब्रुशचा घोड्यांचा साज आहे. सामुदायिक शेतीसाठी सरकारची माणसे घोडे न्यायला आली तेव्हा त्याने घोडे दिले, साज दिला नाही, आणि कागदावर सहीही केली नाही. त्याला खालच्या ठाण्यात नेले. परत आला तो खोकतच आला आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेला. त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर गेर्गेय, याने पहिल्याच दिवशी सही केली होती. त्याला गाडीवान नेमले. आमचेच घोडे हाकत तो रोज सकाळी आमच्या खिडकीखालून जायचा, आणि घोडे सवयीने दारात थांबायचे. तो त्यांना चाबूक मारायचा. अंब्रुश खाटेवर पडून ते ऐकायचा.

साज कोणाला द्यावा हे मला कळलेले नाही. गावात घोडा राहिलेला नाही. चर्चचे थोरले पंच फेयेर शामुएल यांनी भिंतीवर टांगायला मागितला होता. भिंतीवर नको. माझ्याबरोबर पुरावा.

कलम ४. माझी जाऊ, गेर्गेयची विधवा बोर्बाला, हिला माझ्याकडून काहीही मिळू नये. सुईसुद्धा नाही. अंब्रुश गेला, मला मूलबाळ नव्हते, आणि सासूने थोरले घर गेर्गेयच्या नावावर केले. मला हे ओढ्याकाठचे घर मिळाले. तेही एक वेळ सोसले असते. पण घराबरोबर माझी चर्चमधली जागाही गेली.

शोमपताकच्या चर्चमध्ये प्रत्येक घराची बाकावरची जागा ठरलेली आहे. लग्न होऊन आल्यापासून मी तिसऱ्या बाकावर बसत होते. अंब्रुशला पुरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिथे बोर्बाला बसलेली दिसली. मी उभी राहिले. तेव्हा शामुएलचे वडील थोरले पंच होते. ते भर चर्चमध्ये म्हणाले, "रेबेका, जागा माणसाची नसते, घराची असते. ज्या घरात राहतेस त्या घराच्या जागेवर जा." ओढ्याकाठच्या घराची जागा खांबामागे आहे. तिथून व्यासपीठ दिसत नाही, कोणाचा चेहरा दिसत नाही. छतावरचे रंगवलेले तक्ते तेवढे दिसतात. माझ्या डोक्यावर एक जलपरी आहे, तिला एकच डोळा उरलाय. इतकी वर्षे मी तिच्याकडे बघून देवाची प्रार्थना केली. बोर्बाला माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

कलम ५. या कलमात देण्याघेण्याचे काही नाही. पुढच्या कलमांचे कारण आहे, म्हणून लिहिते.

चर्च भरलेले असायचे तेव्हा ती रीत शोभायची. तरुण शहरात गेले, मग सीमेपलीकडे गेले, आणि उरलेले एकेक करून उतारावर गेले. आता रविवारी आम्ही मूठभर बायका येतो, शामुएल येतो, आणि तरुण पाळकसाहेब एक रविवार सोडून दुसऱ्या गावाहून येतात. शेगडी एकच, व्यासपीठाशेजारी. तरी प्रत्येक बाई आपापल्या घराच्या जागेवर. एक इथे, एक तिथे, मधले सगळे बाक रिकामे. पाळकसाहेबांना उपदेश करताना मान कुंपणावरच्या कोंबडीसारखी फिरवावी लागते.

टेकडीवरच्या वस्तीतली जिप्सी माणसे सगळ्यात शेवटच्या बाकावर बसतात. त्यांचा बाप्तिस्मा इथलाच, भाषा आमचीच, पण त्यांच्या घरांना जागा नाही. लीदिया त्यांच्यातली. माझे धुणे, लाकडे, औषध, सगळे तीच बघते.

गेल्या जानेवारीत शेवटचे स्तोत्र झाले आणि आम्ही निघायला उभ्या राहिलो. बाहेर पडायचाही क्रम आहे. पुढचा बाक आधी, मग त्यामागचा. दुसऱ्या बाकावर माझी शाळेपासूनची मैत्रीण इल्का होती. ती उठली नाही. ती निघाल्याशिवाय तिच्या मागचे कोणी निघणार कसे? आम्ही उभ्या राहिलो. वाटले प्रार्थना करतेय. थंडी अशी की स्तोत्राचे पुस्तक बोटांना चिकटत होते. मी खांबामागे. मला काही दिसत नव्हते, फक्त कोणी हलत नाही एवढे कळत होते. मी मनात म्हणाले, इल्का, पुरे आता, देवालाही जेवायचे असेल.

मग मागून पावले वाजली. शेवटच्या बाकावरून लीदिया सगळ्यांना ओलांडून पुढे गेली. तिने इल्काच्या गालाला हात लावला.

"बायांनो, ही गार पडलीय," ती म्हणाली. "कधीची गेलीय ही."

शामुएलच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "तू पुढे कशी आलीस?"

इल्का उपदेश चालू असताना गेली की त्याच्याही आधी, कोणाला ठाऊक नाही. हाताच्या अंतरावर कोणी असते तर कळले असते, कदाचित वाचलीही असती. पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. विषय इल्का नव्हता. लीदिया मधल्या वाटेने पुढे आली, हा विषय होता. पाळकसाहेबांनी विनवले की सगळ्यांनी शेगडीजवळ एकत्र बसा. सगळ्यांनी माना हलवल्या आणि रविवारी जिथल्या तिथे जाऊन बसल्या. मला त्या दिवसापासून या गावाचा राग आहे. त्यात मीही आले.

कलम ६. पोस्टात जे पैसे आहेत ते माझ्या मातीनंतरच्या जेवणात घालवावेत. कोबीचे गोळे करावेत, त्यात मटण भरपूर असावे. भात घालून फुगवू नयेत.

कलम ७. ओढ्याकाठचे घर, अंगण, विहीर, आलुबुखाराची झाडे आणि घरातले सगळे सामान मी कलान्योश लीदियाला देते. तिच्या टेकडीवरच्या खोपटाचा कागद नाही, ते कोणीही कधीही पाडू शकते. मी तिला सांगितले तेव्हा ती घाबरली.

"मावशी, नको. घर दिलंत तर गाव मला पाण्याला पण उभं करणार नाही."

"विहीर अंगणातच आहे, वेडे. कोणाकडे पाणी मागायला जाणारेस?"

"तुम्ही असाल तोवर ठीक. नंतर मी एकटी पडेन."

तरीही देते. आणि घराबरोबर घराची चर्चमधली जागा आपोआप तिची होते, हे स्पष्ट व्हावे म्हणून इथे नमूद करते.

कलम ८. माझा पुतण्या देनेश, बोर्बालाचा मुलगा, राहणार ग्योर, हंगेरी, याने माझ्या घरावर हक्क सांगू नये. तो दर उन्हाळ्यात येतो, गावाच्या नावाच्या पाटीजवळ फोटो काढतो, पाटीवरचे हंगेरियन नाव कोणी डांबराने पुसले म्हणून हळहळतो आणि जातो. पाटी रॉकेलने घासतो शामुएल, हे मात्र मान्य करायला हवे. गेल्या महिन्यात देनेशने फोन केला.

"काकू, घराचं काय ठरवलंत? शिकारीला येणाऱ्या लोकांना असं घर हवंच असतं."

"आणि चर्चमध्ये कोण बसेल? शिकारी?"

"काकू, तुम्ही पण ना."

मी फोन ठेवला. त्याला अंब्रुशचा दाढीचा आरसा द्यावा. त्यात बघावे.

साक्षीविषयी. पहिली सही पाळकसाहेबांनी केली. आता पंच त्यांना सुखाने राहू देणार नाहीत. दुसरी शामुएल करणार होता. चष्मा लावून त्याने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"सातव्यातलं शेवटचं वाक्य काढ, लगेच सही करतो."

"का?"

"घर दे तिला. भांडी दे. जागेचं लिहू नको."

"मी घरच देतेय, शामुएल. जागा घराची असते. तुझ्या वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा तू टोपी हातात घेऊन बाजूलाच उभा होतास."

"ती गोष्ट वेगळी."

"का, तेव्हा उठायचं मला होतं म्हणून?"

"रेबेका, आपली माणसं शेकडो वर्षं बसलीत त्या बाकांवर!"

"आता उंदीर बसतात. त्यांचा बाप्तिस्मा झालाय का, विचारलंस?"

त्याने घरातच टोपी डोक्यावर चढवली आणि गेला. मी वाक्य काढलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दार वाजले. बोर्बाला होती. हातात काठी, बुटांना बर्फ. सगळे गाव चालून आली होती. आत आली आणि न विचारता टेबलाशी बसली.

"कुठे करायची सही?"

तिचा आवाज म्हातारा झालाय, हे मला माहीत नव्हते. चर्चमध्ये गाताना तो कळत नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"शामुएल गावभर ओरडत फिरतोय."

"आधी वाच. तुझ्या मुलाला आरसा ठेवलाय फक्त. आणि चौथं कलम तुझ्यावर आहे."

"असेल. देनेश थोरलं घर पण विकणार आहे. गिऱ्हाईक घेऊन आला होता. मी खाटेवर बसले होते, आणि त्यांनी माझ्याभोवती फिरून खोली मोजली." तिने पेन उचलले, पण सही केली नाही. "खांबामागून माझा बाक दिसतो?"

"नाही."

"काहीच?"

"तुझा रुमालसुद्धा नाही. म्हणून तर इतकी वर्षं बरी गेली."

ती हसली नाही. "मग त्या लीदियाला सांग, खांबामागे बसू नको म्हणावं. माझ्या बाकावर ये. अगदी खेटून बस. मी उठले नाही तर हात लावून बघायला कोणीतरी हवं, रेबेका."

मी शाईची दौत तिच्याकडे सरकवली. कलम ४ खोडलेले नाही. तिला क्षमाही केलेली नाही. एक कलम मात्र जोडते.

कलम ९. मृत्युपत्रात जिवंतपणीचे लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिते. येत्या रविवारपासून लीदियाने तिसऱ्या बाकावर बोर्बालाच्या उजव्या हाताला बसावे. मी आहे तोवर डाव्या हाताला मी बसेन. बोलेनच असे नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. असेच राहावे.

विन्त्से अंब्रुश यांची विधवा, त्सिको रेबेका (सही)

साक्षीदार:
१. शोमपताकचे पाळक, मार्टोनोशी आरोन (सही)
२. विन्त्से गेर्गेय यांची विधवा बोर्बाला, माझी जाऊ (सही)

ठिकाण: शोमपताक, ओढ्याकाठचे घर
दिनांक: २ डिसेंबर २०११, शुक्रवार