दोन बिलं आणि एक भांडण

प्रिय ठकू,

तुझं पत्र दुपारी दुकानात मिळालं. गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचत बसले आणि पांढऱ्याऐवजी काळ्या दोऱ्याचं रीळ बांधून दिलं. शिक्षिका म्हणून तुझा पहिलाच गणिताचा तास, आणि क्ष आणि य कुठल्या दुकानात मिळतात असं एका मुलीनं विचारल्यावर सगळा वर्ग हसला, तुला पुढे काही सुचेना, हे वाचून जीव कळवळला. तू विचारलंयस त्याचं उत्तर देते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आडवळणानं.

तू सातवीत होतीस. दुकान बंद केल्यावर मी तुला कोडी घालायचे, बिलं मी सांगायची आणि भाव तू ओळखायचे. एकदा सांगितलं, बटणांची दोन पाकिटं आणि तीन रिळं, बिल साठ. चार पाकिटं आणि सहा रिळं, बिल एकशेवीस. तू पेन्सिल चावत बसलीस आणि म्हणालीस, याचं उत्तर निघणार नाही. मला वाटलं, कंटाळली पोर. तुझ्या बाबांनी अंदाजपंचे सांगितलं, पाकीट पंधराला, रीळ दहाला. काका म्हणाले, दोन्ही बाराला. दोघांचंही दोन्ही बिलांना जुळलं आणि दोघेही हट्टाला पेटले. जेवणं गार झाली. तेव्हा तू म्हणालीस, दोघांचंही जुळणारच, कारण दुसरं बिल म्हणजे पहिलंच, दुप्पट केलेलं, आईनं नवीन काही सांगितलंच नाही. आम्ही तिघं तुझ्यावर तुटून पडलो, पण तू तसूभर हलली नाहीस.

मग माझ्याकडे वेगळं बिल मागितलंस. मी म्हटलं, एक पाकीट, एक रीळ, सव्वीस. त्याची दुप्पट बावन्न केलीस, साठातून वजा केलीस, उरलं एका रिळाचं मोल, आठ. म्हणजे पाकीट अठराला. बाबा आणि काका दोघेही तोंडघशी पडले. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

राजीनामा लिहून ठेवलाय, देऊ का, असं विचारलंयस. अगं, तो तास म्हणजे एक बिल. एका बिलावरून भाव सांगायचा तो तुझ्या बाबांनी आणि काकांनी. उद्या तेच तसंच पुन्हा शिकवलंस, तर ते पहिलंच बिल दुप्पट होईल. तू वेगळा तास घे. आमच्या घरचं हे भांडण वर्गात लावून दे, अर्धी मुलं बाबांकडे, अर्धी काकांकडे. त्या मुलीला आधी बोलू दे. काकांची परवानगी घेतली आहे, फक्त बाबा हरले हे आधी सांगायचं, अशी त्यांची अट आहे. त्यानंतरही नकोसं वाटलं तर खुशाल घरी ये, मी एका शब्दानं विचारणार नाही. तोवर तो राजीनामा राहू दे. माझ्या लेकीनं वेगळं बिल मागितल्याशिवाय कधी भाव सांगितलेला नाही.

तुझीच, तेव्हाही आणि आताही,
आई