पिवळ्याखालचा हिरवा

६ जुलै, रविवार
आजपासून रोजनिशी. व्हीआरएस घेतल्यापासून मी नुसता लोळतो, असा मेघनाचा समज आहे. बायकोशी वाद घालून काही होत नाही, लेखी पुरावा ठेवावा लागतो.
आज माझ्या भावाचा, दिनेशचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. बाबा खुदकन हसले, दिन्या दिन्या म्हणाले. मी शेजारीच फोन धरून बसलेलो. कॉल संपल्यावर मला म्हणाले, साहेब, चाय घेतलात? हा दिनेश वर्षातून दोनदा लालबागला येतो. बाबांचं सगळं इथे मी बघतो. (अंघोळ, जेवण, औषधं मेघना बघते. पण एकूण देखरेख माझी.)
बाबांना माझं नाव आठवलंच पाहिजे. गणपतीच्या आत.

९ जुलै, सकाळी
आयडिया!! बाबांच्या हातात दिवसभर ती पिवळी गाडी असते. माझी लहानपणची स्लॉट कार. मिलचा मॅनेजर विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या पोराचा सेट बाबांना देऊन गेला होता. प्लास्टिकच्या ट्रॅकला खाच, गाडीच्या पोटाखाली पिन, पिन खाचेत घालून बटण दाबलं की गाडी सुसाट. ट्रॅक कधीच मोडला. दिनेशची लाल गाडी त्याने हरवली. माझी राहिली, मी वस्तू जपतो.
मूळ रंग हिरवा. अस्सल रेसिंगचा हिरवा, नेटवर फोटो बघून डोळे भरून आले. पण बाबा दर श्रावणात रामजीच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायचे, आणि पितांबर रंगवून वाटीत उरलेला पिवळा घरी आणून माझ्या गाडीला फासायचे. दरवर्षी एक हात. रंगात ब्रशचे केससुद्धा अडकलेत. अँटिक वस्तूचा खून आहे हा.
तर प्लॅन असा: पिवळा काढायचा, हिरवा बाहेर आला की बाबांना तो पहिला दिवस आठवेल, आणि मी आठवेन. मेंदूचं सायन्सच आहे तसं. शिवाय इन्स्टावर ‘गिरणगाव रिस्टोरेशन्स’ नावाचं पेज उघडलं. डीपी माझा.

१० जुलै
मेघना म्हणते, त्या गाडीला हात लावू नका, बाबा दुपारी तिच्याशी बोलतात. दुपारी मी झोपलेलो असतो, मला कसं कळणार? आणि प्लास्टिकशी काय बोलायचं असतं? पुढेही काहीतरी सांगत होती. मी रील शूट करत होतो, हातानेच गप्प राहायला सांगितलं.
परदेशी ग्रुपवाले म्हणतात, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि धीर धरा. थिनर अजिबात नको. चिंचपोकळीच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणलं. धीर माझ्यात मुळातच आहे.

१३ जुलै, रविवार
बाबा अंघोळीला गेल्यावर गाडी उचलली. मेघनाच्या लोणच्याच्या बरणीत ब्रेक ऑइल भरून बुडवली. बाहेर आल्यावर बाबांनी उशीखाली बघितलं, कॉटखाली वाकून बघितलं, मग शेजारच्या कमलाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मोठ्या कामात थोडं सोसावं लागतं.
मेघना माझ्याशी बोलत नाही. बरणीमुळे असावं.

१६ जुलै, सकाळी
रंग हलत नाही. ग्रुपवाले म्हणतात, अजून थांबा. त्यांना थांबायला काय जातंय? त्यांचे बाप काही जेवण सोडून बसलेले नाहीत. माझे बसलेत. उलट बाबांसाठीच घाई केली पाहिजे.
हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणला. थोडासाच लावणार.

त्याच दिवशी, दुपारी
ग्रेट सक्सेस! पिवळा लोण्यासारखा निघतोय. गाडीच्या दारावर हिरवा दिसला!! फोटो टाकला. एक लाइक (माझा).

त्याच दिवशी, संध्याकाळी
गाडीचं छप्पर विरघळून खाली बसलं. ड्रायव्हरचं डोकं सीटमध्ये गेलं. चाकं हाताला चिकटली ती निघेनात. जुन्या प्लास्टिकची क्वालिटी आपण समजतो तेवढी चांगली नसायची. फोटो डिलीट केला.

१९ जुलै
प्लॅन बी. चोर बाजारातून तशीच एक गाडी मिळवली. जवळपास तशीच. रामजीच्या कारखान्यातून वाटीभर पितांबराचा पिवळा मागून आणला. तो म्हणाला, गुणाजीकाकांचा (म्हणजे बाबांचा) हात लय साफ होता. मी ब्रशचे केससुद्धा मुद्दाम चिकटवले. ओरिजिनलपेक्षा सरस झालीय.

२० जुलै, रविवार
बाबांनी नवी गाडी घेतली, उलटी करून बघितली, वास घेतला. मग दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, मला परत दिली. म्हणाले, चांगली आसा साहेब, पण आमची न्हय.
दिनेशचा फोन आला. बाबा हसले नाहीत. हितूची गाडी चोरीक गेली, एवढंच त्याला सांगत राहिले.
हितू. म्हणजे मी. मी मेघनाला ओरडून विचारलं, हे नाव यांना कधीपासून आठवतंय? ती म्हणाली, रोज दुपारी. गाडी चादरीवरून फिरवत, हितू हळू, हितू पडशीत, असं चालायचं. त्या दिवशी मी तेच सांगत होते, तर तुम्ही हातानेच गप्प केलंत.
तिने नीट सांगायला हवं होतं. ऐकणाऱ्याचा मूड बघून सांगावं माणसाने.

२४ जुलै
बाबा काही बोलत नाहीत. पेजही बंद केलं. लाल गाडी बघू का कुठे? पण लाल तर दिनेशची.

२७ जुलै, दुपारी
आज झोपलो नाही. बाबांच्या कॉटवर जाऊन बसलो. त्यांनी जवळ बोलावलं, हळूच म्हणाले, साहेब, घरात चोर इलो होतो. झिलाची गाडी घेवन गेलो. झील ल्हान आसा, शाळेतसून येतलो, रडतलो. तुमी वायच शोधा.
झील म्हणजे मुलगा. मी हो म्हटलं. मग मुद्दामच विचारलं, तुमच्या झिलाचं नाव काय?
त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलवले, थांबले, डोकं खाजवलं. मग थोडे लाजून म्हणाले, गाडी गावली की तिका बघून सांगतंय.